व्यायाम करा, पण कुठे? कच्च्या रस्त्यावरची सायकल आणि मी



चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे नियमित तपासणीला येणारे एक गृहस्थ होते. वय ४९, महामार्गालगत छोटेसे दुकान, सहा वर्षांचा मधुमेह, पोट सुटलेले आणि चालणे जवळपास शून्य. प्रत्येक भेटीत मी त्यांच्या कागदावर औषधांच्या खाली लिहायचो, 'रोज ४५ मिनिटे चालणे'. त्या वेळी तर त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि जरा रागावूनच सांगितले, "पुढच्या वेळीही चालला नसाल, तर गोळ्या वाढवाव्या लागतील."

त्यांनी ऐकले. दुकान सकाळी सातला उघडायचे, म्हणून डिसेंबरच्या अंधारात साडेपाचलाच ते घराबाहेर पडू लागले. घरासमोर महामार्ग, त्यामुळे चालणेही महामार्गाच्या कडेनेच. अकराव्या दिवशी मागून आलेल्या एका गाडीने त्यांना उडवले. गाडी थांबली नाही. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले. त्या काळात साखर साडेतीनशेच्या घरात गेली.

मी त्यांना बघायला घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, चालायला तुम्हीच सांगितलं होतं ना?" त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्या नुसते आठवून बोलत होत्या. म्हणूनच ते जास्त लागले.

इतकी वर्षे मी औषधाचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, सगळे काटेकोर लिहून देत होतो. व्यायामाचे मात्र नुसते नाव लिहीत होतो. तो तुम्ही करणार कुठे, हे मी एकाही रुग्णाला कधी विचारले नव्हते. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

माझा स्वतःचा रिपोर्ट

त्याच सुमारास मी स्वतःची रक्ततपासणी केली. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी ६.१. वाचकांसाठी सांगतो : उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. म्हणजे मधुमेह दारात उभा आहे, अजून आत आलेला नाही. रक्तदाबाची गोळी मला आधीपासूनच सुरू होती. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती. तो रिपोर्ट हातात घेतल्यावर मला आकडे दिसले नाहीत, वडिलांचा पाय दिसला.

या अवस्थेत काय करावे, हे मला पाठ होते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांनी आहार आणि रोजची हालचाल सुधारली, तेव्हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन या गोळीने होणारा फायदाही जवळपास तेवढाच होता. म्हणजे चालणे, सायकल चालवणे हे औषधाच्या तोडीचे आहे.

मग मीही घराबाहेर पडलो. आणि पहिल्याच आठवड्यात कळले की मलाही जागा नव्हती. एका बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग, दुसरीकडे मुरबाडवरून माळशेजकडे जाणारा कल्याण-नगर रस्ता. दोन्हीकडे ट्रेलर, डंपर, खडी वाहणारे ट्रक. कडेने सायकल चालवताना माझे सगळे लक्ष मागच्या हॉर्नकडे असायचे. घरी येऊन रक्तदाब मोजला तर निघतानापेक्षा जास्त!

रस्ता बदलला की फायदा बदलतो का?

बदलतो. लंडनमध्ये झालेला एक अभ्यास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. साठीच्या पुढच्या ११९ लोकांना दोन वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास चालायला लावले. एक दिवस हाइड पार्क या बागेत आणि एक दिवस ऑक्सफर्ड स्ट्रीट या वाहनांनी भरलेल्या रस्त्यावर. त्यात काही जण निरोगी होते, काहींना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, तर काहींना फुप्फुसांचा जुना विकार. बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. गर्दीच्या रस्त्यावर तेवढेच चालूनही हा फायदा खूपच कमी झाला, काही बाबतींत तर दिसलाच नाही.

माणसे तीच, पाय तेच, वेळही तेवढाच. फक्त रस्ता वेगळा. अपघाताचा धोका तर यात मोजलेलाही नाही.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय?

माझा भाचा सायकलवेडा आहे. त्याने मला सांगितले, "मामा, डांबरी रस्ता सोड. कच्च्या रस्त्याची सायकल घे." त्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर जाड, साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, आणि ब्रेक डिस्कचे. खडी, माती, मुरूम आणि मध्येच लागणारे डांबर या सगळ्यावर ती चालते.

या प्रकाराला परदेशात मोठी परंपरा आहे. इटलीत द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत, या विचाराने १९९७ साली गायोले इन किआंती या गावी 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. पुढे त्याच भागात व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही सुरू झाली आणि तिचे नावच 'पांढरे रस्ते' या अर्थाचे ठेवले गेले.

आपल्याकडचे द्राक्षमळे कसारा घाट चढून गेल्यावर नाशिकच्या अंगाला. घाटाखाली आपल्या वाट्याला भातखाचरे आणि सागाचे जंगल आले आहे. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

आणि हो, महागडी सायकल घेतलीच पाहिजे असे नाही. जाड टायरची, ब्रेक नीट लागणारी कोणतीही सायकल चालते. मी पहिले सहा महिने मुलाची जुनी सायकल वापरली.

आपले कच्चे रस्ते

एका रविवारी मी मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून बसलो. पंचवीस वर्षे या भागात प्रॅक्टिस करतोय, पण गावांना जोडणाऱ्या एवढ्या पायवाटा, बैलगाडीचे रस्ते, कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते आहेत, हे मला माहीत नव्हते. मी गावे ओळखत होतो ती एसटीच्या थांब्यांवरून.

आता आठवड्यातून चार दिवस मी सकाळी सव्वासहाला निघतो. शहापूरच्या बाजूला कधी भातसाच्या कालव्याकाठी, कधी आसनगावच्या पलीकडे माहुलीचे सुळके समोर ठेवून. सुट्टीच्या दिवशी सायकल गाडीला बांधून किन्हवली, सरळगाव, धसई या भागात. मुरबाडच्या पूर्वेला गेलात तर गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे जोडसुळके सतत सोबत करतात.

दिवाळीनंतर खाचरे मोकळी होतात, बांधावर वाल दिसू लागतो, खळ्यांवर झोडणी चालू असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, मग मोहाची फुले पडायला लागतात आणि पहाटे टोपल्या घेऊन निघालेली माणसे भेटतात. पावसाळ्यात मात्र मी कच्चा रस्ता पूर्ण सोडतो. त्या चिखलात चाक फिरत नाही, आणि लावणी चाललेली असताना बांध तुडवायचा आपल्याला हक्कही नाही.

या रस्त्यांवर मी एकटा व्यायाम करणारा असतो, हेही सांगितले पाहिजे. बाकी सगळे कामाला निघालेले असतात. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच परिसरातली. तानसा तर १८९२ पासून पाणी देते आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका मला याच वाटांवर भेटतात. त्यांना 'रोज ४५ मिनिटे चाला' असे सांगणारा डॉक्टर किती हास्यास्पद दिसेल, याचा विचार मी सायकलवर बसूनच पहिल्यांदा केला. त्यांना लागते ते वेगळेच : नळ, पोटभर आहार, अंगात रक्त. सल्ला माणूस बघून द्यावा लागतो.

सायकल चालवताना शरीरात काय घडते?

साखर पेशीत जाण्यासाठी इन्सुलिन लागते, हे तुम्ही माझ्या आधीच्या लेखांत वाचले असेल. इन्सुलिन ही पुढच्या दाराची किल्ली. मधुमेहात ही किल्ली नीट चालत नाही. पण स्नायू काम करू लागला की तो स्वतःच मागचे दार उघडतो आणि इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी, आणि सायकल चालते ती त्यांच्यावरच. व्यायाम संपल्यावरही हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका, असे आम्ही सांगतो.

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र नको. सायकल चालवताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर थोडा जोर लावा. वाक्य पूर्ण करताना धाप लागत असेल तर हळू व्हा.

इथे कच्च्या रस्त्याचा मला आणखी एक गुण दिसला. तिथे वेग आपोआप कमी होतो. डांबरावर वीसच्या पुढे जाणारा मी मातीवर बारा-चौदावर येतो. पण हृदयाला वेग कळत नाही, श्रम कळतात. त्यामुळे फायद्यात तूट येत नाही आणि पडलो तरी हळू पडतो.

गुडघे दुखणाऱ्यांनाही सायकल बरी, कारण शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते. सीटची उंची मात्र नीट ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. एक उणीवही सांगतो : वजन सीटवर असल्यामुळे हाडांना सायकलने फारशी बळकटी येत नाही. त्यासाठी चालणे आणि स्नायूंचे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

डॉक्टरची चूक

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी पहाटे एक रुग्ण तपासायला जावे लागले. नेहमीची वेळ हुकली. तरी 'आजचा दिवस बुडवायचा नाही' या हट्टाने मी साडेनऊला सरळगावजवळून निघालो. एकच बाटली पाणी, सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलेली, पोटात फक्त चहा.

अकराच्या सुमारास डोके ठणकू लागले, मळमळले, पोटऱ्यांत गोळे आले. सायकल धरून उभा राहिलो तर डोळ्यांसमोर अंधारी. हा उन्हाने आलेला थकवा होता आणि तो मला पुस्तकातल्यासारखा ओळखू येत होता, पण पाय हलत नव्हते. समोर एका पाड्यावरचे पहिलेच घर होते. तिथल्या म्हाताऱ्या आजींनी मला पडवीत बसवले, मडक्यातले पाणी दिले, मग त्यात मीठ आणि गूळ घालून पुन्हा दिले. ओले फडके मानेवर ठेवले.

"अरे बाबा, एवढ्या उन्हाचा कुठं निघालास?"

"असंच, आजी. सायकल चालवायला."

"गाडी नाय का तुला?"

"आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितले आणि आणखी एक तांब्या पाणी दिले. मी डॉक्टर आहे, हे सांगायचे धाडस मला झाले नाही.

पुढच्या आठवड्यात मी आजींना भेटायला गेलो, रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊनच. त्यांचा रक्तदाब १७८ निघाला. त्यांना त्याची काहीच कल्पना नव्हती. आता त्यांची गोळी सुरू आहे आणि माझ्या महिन्यातल्या एका फेरीचा रस्ता त्यांच्या दारावरून जातो.

निघण्याआधी एवढे लक्षात ठेवा

- चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल, तर सुरुवातीला आपल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि ईसीजी करून घ्या. सायकल चालवताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि मदत मागवा. 'थोडे पुढे जाऊन बघू' हा विचार नको.

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल, तर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. तीन चमचे साखर घ्या, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. सायकलच्या आधी इन्सुलिन मांडीत टोचू नका, तिथून ते लवकर शोषले जाते.

- मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल किंवा पायांची संवेदना कमी झाली असेल, तर खडबडीत रस्त्यावर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. नेहमी बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय बघा.

- करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर हँडलवर तळहाताचा दाब जास्त पडतो आहे. पकड बदलत राहा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की धक्केही कमी बसतात. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीट बदला किंवा तिचा कोन बदला आणि मधूनमधून उभे राहून पॅडल मारा.

- हेल्मेट कच्च्या रस्त्यावरही घाला. पाणी दोन बाटल्या न्या. मार्च ते मे सकाळी साडेआठच्या आत घरी या. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

- साप चावल्यास घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता थेट प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात जा. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

- कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी येणार, हे घरी सांगा. जंगलात मोबाईलला रेंज नसते. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका. कालव्याच्या कडेला जाऊ नका. गुरे दिसली की उतरून चाला.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

हाड जुळल्यावर ते काठी टेकत दवाखान्यात आले. मी औषधे लिहिली, मग पेन खाली ठेवले आणि विचारले, "तुमच्या घराच्या मागे काय आहे?"

ते जरा गोंधळले. "मागे? मागे भातखाचरं. मग कालवा आणि त्याच्या कडेचा रस्ता."

"त्या रस्त्यावर गाड्या असतात?"

"नाही हो. सकाळी दूधवाला जातो तेवढाच."

घरापासून चार मिनिटांवर तो रस्ता होता. मी आधी विचारले असते तर ते महामार्गावर गेलेच नसते. त्या दिवशी मी कागदावर लिहिले : 'उजेड झाल्यावर, कालव्याच्या रस्त्याने, सुरुवातीला १० मिनिटे, सोबत कोणीतरी.'

आज त्यांचे एचबीए१सी ९.४ वरून ७.२ वर आले आहे. पाय थोडा आखूड झाला आहे, तो तसाच राहणार. माझे ५.७ आहे. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे. वजन दोन वर्षांत फक्त चार किलो उतरले, पण निघतानापेक्षा परत आल्यावर रक्तदाब कमी भरतो.

कालव्याकाठी कधीकधी आमची गाठ पडते. ते आणि त्यांच्या पत्नी चालत असतात, मी सायकलवरून येत असतो. परवा त्या वहिनी हसून म्हणाल्या, "डॉक्टर, आज तुम्हाला उशीर झाला."

तुम्ही हा लेख वाचत असाल आणि तुमच्याही कागदावर 'व्यायाम करा' एवढेच लिहिलेले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "कुठे करू?" आणि त्याआधी एकदा स्वतःच्या घराच्या मागे काय आहे, ते बघून या.

काळजी घ्या, निरोगी राहा.